गुंड्याचे दात

बिट्टी सातव्या वर्षी वारली आणि तिचा ससा मागे राहिला. त्याचं नाव गुंड्या. तो येईल त्याला चावायचा म्हणून तिनंच ठेवलेलं. आता त्याचं सगळं आई करायची. बाप सुतार होता, खिडक्यांच्या चौकटी बनवायच्या कारखान्यात. पूर्वी लेकीच्या हट्टापायी तो सशाला कुरतडायला खिसा भरून लाकडाचे तुकडे आणायचा. आता पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही.

पिंजऱ्याची तार चावून चावून गुंड्याचे पुढचे दात वाकडे झाले होते. वरचे खालच्यांवर बसेनात, म्हणून झिजेनात. वाढून नखांसारखे वळायचे आणि ओठात रुतायचे. मग आई लॉंड्रीतल्या इस्त्रीच्या कामावरून अर्धी सुट्टी काढून, त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. त्या दात घासून आखूड करून द्यायच्या.

"कितीदा वाढतात हो," आई पहिल्या खेपेला म्हणाली होती.

"वाढणारच, ताई. आपले दुधाचे पडतात, पक्के येतात, की संपलं. याचं तसं नाही. जिवात जीव आहे तोवर वाढत राहणार."

हे ऐकून आईला बरं वाटलं होतं. घरी येताना टोपली तिला हलकी वाटली होती.

मग एक दिवस गुंड्याची हनुवटी ओली दिसली. लाळ थांबेना, गवत तसंच पडून राही, एक डोळा पाणावून जरा बाहेर आल्यासारखा वाटे. डॉक्टरीणबाईंनी तोंडाचा एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला.

"पुढच्या दातांचं निभावलं असतं. पण दाढासुद्धा वाढतायत, आणि वर जागा नाही म्हणून मुळं उलटी शिरलीत. ही बघा, जबड्यातून खाली. आणि ही डोळ्यामागे. फार दुखत असणार त्याला."

"काढून टाका ना मग दाढा."

"आता नाही काढता येणार. त्याला शांतपणे कायमचं झोपवणं एवढंच हातात आहे."

"मी भरवीन," आई म्हणाली आणि टोपली उचलून घरी आली.

तिनं खरंच भरवलं. खाद्य भिजवायचं, गाळणीतून घासून काढायचं, बिनसुईच्या पिचकारीनं गालाच्या कडेनं सोडायचं. त्यातलं निम्मं बाहेर यायचं. कामाला जायच्या आधी एकदा, आल्यावर दोनदा. गुंड्या आता चावतही नव्हता.

एका संध्याकाळी बाप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावरचा भुसासुद्धा झटकला नव्हता.

"किती दिवस चालवणार हे?"

"खातोय तो."

"खात नाही. तू कोंबतेयस."

"तुम्हाला काय त्याचं? कधी हात तरी लावलात?"

"हात लावला नाही, पण डोळे आहेत मला. मरतंय ते जनावर."

"दात वाढतायत त्याचे," आई म्हणाली. "अजून वाढतायत."

बापाचा आवाज एकदम चढला. "तेव्हाही तू दातच बघत होतीस!"

दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, बिट्टीच्या पुढच्या फटीतून नवा दात वर येत होता. रुंद, पांढराशुभ्र, कडेला करवतीसारखे बारीक दाते. पोरीच्या मनगटाचं हाड दिसायला लागलं होतं, पण दात थांबला नव्हता. आई रोज तिचा ओठ उचलून बघायची. दात वाढतोय म्हणजे पोर वाढतेय, असं ती नर्सला, झाडूवाल्याला, भेटेल त्याला सांगायची. डॉक्टर काय बोलत होते ते तिच्या कानांवर पडत होतं, आत जात नव्हतं.

आईनं गाळणी खाली ठेवली. बाप मोरीत जाऊन हात धुवत राहिला, भुसा निघून गेला तरी पुन्हा पुन्हा.

"उद्या घेऊन जाऊ," ती म्हणाली. "पण तुम्ही धरा. मला धरवणार नाही."

सकाळी बापानं कारखान्यात निरोप धाडला आणि पिंजरा उघडला. इतका हलका असेल असं त्याला वाटलं नव्हतं. टोपलीत न ठेवता त्यानं गुंड्याला सदऱ्यात, छातीशी घेतलं आणि तसंच चालत नेलं. आतही त्यानंच धरलं. आई बाहेर बाकावर बसली.

थोड्या वेळानं तो रिकाम्या हातांनी बाहेर आला. सदऱ्यावर लाळेचा ओला डाग होता. तो तिच्याशेजारी बसला. दोघांनाही उठवेना.

समोर मांजर घेऊन बसलेल्या म्हातारबाईंनी विचारलं, "तुमचं काय होतं?"

"ससा."

"अगंबाई. हौसेनं पाळला होता का?"

लॉंड्रीत नव्या बायका विचारायच्या तेव्हा ती सरळ मूलबाळ नाही म्हणायची, म्हणजे पुढचं काही सांगावं लागत नसे. बापाला ते माहीत होतं. त्यानं तिच्याऐवजी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"माझ्या मुलीचा होता," आई म्हणाली. "ती गेली. आता हाही गेला."

म्हातारबाईंनी मांजर पोटाशी ओढलं. आईला रडू येईल असं बापाला वाटलं, पण ते आलं त्यालाच, भर दवाखान्यात, हुंदक्यांसकट. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तिच्या डोळ्यांत मात्र टिपूसही नव्हतं, आणि पुढेही बरेच दिवस आलं नाही.