बिनकाट्यांच्या झाडाला स्थळ

सासूबाई वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, तर जावयाचं चष्म्याचं दुकान. दोघं एका घरात राहत, पण बोलणं बेतास बात. वाढदिवसाला जावयाने हौसेने लिंबाएवढं गोल, बिनकाट्यांचं झाड आणलं.

"आई, तुमच्यासाठी कॅक्टस."

"हा कॅक्टस नव्हे, जावईबापू. कुंपणाला लावतात त्या शेराच्या कुळातला आहे. खरचटला तर चीक येईल, डोळ्यांत जाऊ देऊ नका."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. घरात ऊन नव्हतं, म्हणून झाड दुकानाच्या खिडकीत गेलं. दोन वर्षं त्याला बारीक फुलं आली नि गळाली. मग एकदा सासूबाईंनी दुकानातलं भिंग लावून फूल पाहिलं.

"ही मादी आहे. यांच्यात नर झाड वेगळं असतं, त्याच्या फुलांवर पिवळे पराग दिसतात. एकटी बिचारी काय करणार?"

जावई इरेला पेटला. भिंग खिशात घालून त्याने दुकानांच्या खिडक्या पालथ्या घातल्या. शेवटी किल्ल्या बनवणाऱ्याकडे नर सापडला.

"झाड देणार नाही," किल्लीवाला म्हणाला, "पराग न्या हवे तेवढे!"

सासूबाई स्वतः ब्रश घेऊन आल्या. त्यांनी पराग अलगद टिपले आणि मादीच्या फुलांना लावले. दोन फळं धरली.

"प्रत्येकात तीन बिया. पिकलं की तडकून लांब उडतात. जाळी बांधा."

"उद्या बांधतो," जावई म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

एका सकाळी पोस्टात काम करणाऱ्या एक बाई दुकानात डोळे तपासायला आल्या होत्या नि तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या. "ग... म... आई गं!" टक्कन काहीतरी त्यांच्या गालावर बसलं. पाठोपाठ दुसरं फळही फुटलं. जावयाने घाबरतच फोन केला. सासूबाई दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून धावत आल्या नि थेट जमिनीवर रांगू लागल्या. पोस्टातल्या बाईही काउंटरखाली शिरल्या. तासाभरात पाच बिया मिळाल्या.

"चुकलंच माझं, आई."

"मी तरी नुसतं सांगत बसले. गाठ मारायला मला काय हात नव्हते?" म्हणत त्या इतक्या हसल्या, की जावयालाही हसू आवरेना.

पाचांतल्या चार बिया रुजल्या.

"यातले नर किती?" जावयाने विचारलं.

"फुलल्याशिवाय कळत नाही. चार-पाच वर्षं लागतील."

"एवढी?"

"लागू देत. मला कुठे जायचंय?"