मागच्या सीटवरचे दणके

भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरच्या मुलीने किल्ली पुढे केली, बाहेर बोट दाखवलं आणि कानसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. उभी होती ती पांढरी सेडान. हे मॉडेल बाजारात यायच्या आधी साडेचार वर्षं त्यानेच ते चालवून पारखलं होतं.

"दुसरी नाही का एखादी?"

"एवढीच शिल्लक आहे, सर. आणि फॅमिलीवाले तर हीच मागतात."

कारखान्यात तो बावीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होता. दारातली खुळखुळ, चाकातली कुरकुर सगळ्यांच्या आधी त्याला ऐकू यायची, म्हणून कानसेन हे नाव पडलेलं. या गाडीचं दार भारदस्त आवाज करून लागायचं, स्टिअरिंग बोटाच्या इशाऱ्यावर वळायचं, त्यात त्याचा घाम होता. पण शेवटच्या वर्षी खर्च वाचवायचा म्हणून मागच्या चाकांना हलक्या प्रतीचे शॉकअॅब्सॉर्बर बसवले. मागे बसणाऱ्याच्या पाठीत दणके बसतात, असं त्याने अहवालात लिहिलं. साहेब म्हणाले, नव्याने लिहा. त्याने नव्याने तेच लिहिलं. पुढच्या महिन्यात त्याला घरी बसवलं.

आणि आज याच गाडीतून सासऱ्यांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. मणक्याचं ऑपरेशन, अडीच तासांचा रस्ता.

"बाबांना पुढे बसवू," तो म्हणाला.

"भावजी, डॉक्टरांनी आडवं न्यायला सांगितलंय," मेव्हणा म्हणाला आणि स्वतः पुढे बसला. मागे बायको, आणि तिच्या अंगावर रेलून, पाय दुमडून सासरे.

पुलाच्या पहिल्याच सांध्यावर मागून कळवळल्याचा आवाज आला.

"अहो, जरा बघून चालवा ना!"

"बघूनच चालवतोय. गाडीचा दोष आहे हा."

"आता गाडीवर खापर फोडा," बायको म्हणाली. "गाडीवरूनच नोकरी घालवलीत, अजून तेच पुराण."

त्याने वेग चाळिसावर आणला. मागून ट्रक भोंगे मारत होते. तो प्रत्येक खाच लांबून हेरत होता, चाक वाचवत होता, त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पुढच्या सीटवर मेव्हण्याच्या हातातला चहा हिंदकळतही नव्हता. मागे मात्र सासऱ्यांच्या तोंडून दर फर्लांगाला "अयाई गं" निघत होतं.

"जावईबापू," शेवटी ते दात-ओठ खाऊन म्हणाले, "कारखान्याच्या मोकळ्या मैदानात गोल गोल फिरवून फिरवून हात बिघडलाय तुमचा."

निम्म्या वाटेत पेट्रोल पंपावर थांबले. नर्सने दिलेली वेदनेची गोळी बायकोने बाबांना दिली. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. "मी पुढे बसते. आणि तू चालव रे आता," ती भावाला म्हणाली. कानसेनने किल्ली दिली आणि मागे जाऊन सासऱ्यांना अंगावर घेतलं.

मेव्हण्याने गाडी ऐंशीवर नेली. पाठोपाठ दणके येऊ लागले. कानसेनने दोन्ही पंजे सासऱ्यांच्या कमरेखाली सरकवले. आता प्रत्येक दणक्याला त्याच्या बोटांची हाडं सीटवर आपटत होती. दहाव्या मिनिटाला गोळीचा अंमल चढला आणि सासरे घोरू लागले.

बायकोने मागे वळून पाहिलं. "बघा, कसे शांत झोपलेत."

"गोळीने झोपलेत."

"तुम्हाला ना, दुसऱ्याला चांगलं म्हणवतच नाही."

त्याने पंजे आणखी आत सरकवले. घर येईपर्यंत हात काही काढले नाहीत.

सासऱ्यांना पलंगावर निजवताना ते जागे झाले आणि मुलाचा हात धरून म्हणाले, "तू चाक हातात घेतलंस म्हणून पोचलो बाबा."

मेव्हणा खूश होऊन बाहेर आला. बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "काय मस्त चालते हो, भावजी! मी हीच घेणार. बाबांना तपासणीला न्यायला-आणायला बरी पडेल."

"घेण्याआधी एकदा मागे बसून बघ."

"मी कशाला मागे बसू? चालवणार मीच ना."

कानसेनने किल्ली मागून घेतली. बोटं सुजली होती, नीट मिटत नव्हती. बायको दोन दिवस माहेरीच राहणार होती. तो एकटाच गाडी परत द्यायला निघाला. एकट्याला गाडी खरंच छान वाटत होती, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.