गेटावरची सात मिनिटं

बुटीबोरीच्या त्या कापड कारखान्यात हर्षा मेश्राम आली ती टाइम सर्व्हर बसवायला. काम सरळ होतं. छतावरच्या अँटेनातून सॅटेलाइटची वेळ घ्यायची आणि कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला ती पाळायला लावायची. परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी तोंडावर आलेली, आणि इथे दोन मशीनच्या नोंदींचा आपसात मेळ नव्हता.

पहिल्याच जुळणीत सर्व्हरनं प्रत्येक मशीनचा फरक लिहून काढला. कुठे चार सेकंद, कुठे नऊ. गेटावरचं हजेरीचं मशीन मात्र चांगलं सात मिनिटं पुढे होतं. हर्षाला आधी हसू आलं आणि मग सरिता आठवली. मागावर काम करणारी सरिता रोज दुपारी तिच्याजवळ बसून डबा खायची. सातच्या पाळीला उशीर झाल्याचे तीन शेरे तिच्या नावावर पडले होते. तीन शेरे म्हणजे नोकरी गेली, असा इथला नियम. शनिवारी तिची चौकशी होती. हर्षानं त्या तीन नोंदी काढून बघितल्या. सात वाजून तीन, सात वाजून पाच, सात वाजून चार. म्हणजे बाई एकदाही उशिरा आली नव्हती! हर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं जाऊन विचारलं तेव्हा मॅनेजर गौरांगनं काही लपवलं नाही, उलट तिलाच समजावलं. बस चुकू नये म्हणून लोक घरी घड्याळ पुढे ठेवतात की नाही, तशीच ही शिस्त. बाकी सगळी मशीनं जोडा, तेवढं गेटाचं सर्व्हरपासून तोडा; जमत नसेल तर पुढचं काम दुसऱ्याला देतो. चोर तर चोर, वर शिरजोर.

"घरचं घड्याळ आपण आपल्यासाठी पुढे ठेवतो, सर," हर्षा म्हणाली. "त्याच्यानं कोनाची नोकरी नाही जात. मी नाही तोडत."

शनिवारी ती न बोलावता चौकशीच्या खोलीत गेली. कारखान्याच्या कामगार विभागाचे वामनराव टेबलाशी होते, समोरच्या खुर्चीच्या टोकावर सरिता. हर्षानं सर्व्हरचा कागद टेबलावर ठेवला आणि सात मिनिटांच्या ओळीवर बोट टेकवलं. कंत्राटी बाईचं इथे काय काम, असं गौरांग ओरडला. काम गेलंच आहे तर आता बोलूनच जाते, असं म्हणून तिनं सगळं सांगून टाकलं.

वामनरावांनी कागद दोनदा वाचला. तपासणीला येणारे लोक हाच कागद मागणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सरितेचे तिन्ही शेरे खोडले आणि, झालं गेलं विसरा, मागावर जा, असं तिला सांगितलं. गौरांग कागद उचलायला पुढे झाला, तेव्हा सरितेनं त्यावर हात ठेवला.

"मी उशिरा नव्हती आली, साहेब. तुमची घडी पळून राहिली होती."

"अहो, खोडले ना शेरे," वामनराव म्हणाले. "जा आता."

सरिता उठली नाही. टोकावर बसली होती, ती सरकून खुर्चीला पाठ टेकून बसली.

"या सालात माह्या आधी सहा जणींले याच शेऱ्यावर घरी बसवलं," ती म्हणाली. "त्यांचे बी कागद काढा. मी बसली आहो."