वाटीवरचा हात

खर्र.

पालथी घातलेली पितळी वाटी दगडी फरशीवर बोटभर सरकली आणि ओटीवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांचा श्वास अडला.

"चालली गं बाई!" शेजारच्या विमलाबाई पदर तोंडावर धरून पुटपुटल्या.

वाटीवर तळहात होता मंदाकिनीचा, घरच्या धाकट्या सुनेचा. ती पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. चोराचा माग काढणारी वाटी पायाळू माणसाच्याच हाताखाली चालते, असं धोंडीबा भगत सांगत होता आणि आळीत कुणालाच त्याची शंका नव्हती. कल्याणात आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, मुंबईचा निरोप तारेनं घटकेत येत होता. पण सासूबाईंची मोत्यांची नथ हरवली तेव्हा बोलावणं गेलं ते खाडीपलीकडच्या भगताला.

"ताई, ढकलू नको हां! नुसता हात ठिव. देव वढतोय, देव!" धोंडीबानं तांदूळ उधळले. त्याचा मंत्र म्हणजे अर्धा शब्द संस्कृतातला आणि उरलेले कुठलेच नव्हेत. "ओम् खट् पट् फट्! चल माझे बये, धर चोराला!"

वाटी फरफटत निघाली. मंदाकिनी उकिडवी बसून तिच्यामागे सरकत होती. आपण ढकलत नाही, हे तिनं पाळण्यातल्या बाळाची शपथ घेऊन सांगितलं असतं. वाटी विमलाबाईंपुढून गेली, सासूबाईंपुढून गेली आणि दारापाशी बसलेल्या गोदूबाईच्या पावलांना जाऊन टेकली.

गोदूबाई घरची मोलकरीण. नवरा मिठागरात राबता राबता वारलेला. मंदाकिनीच्या दोन्ही बाळंतपणांत तेल लावायला, शेक द्यायला तीच होती.

"मी नाय वो घेतली, वयनी," भगताकडे न बघता ती मंदाकिनीला म्हणाली. "तुमाला तरी ठावं हाय ना?"

मंदाकिनीनं मान खाली घातली. वाटीनं जे दाखवलं तेच सकाळपासून तिच्या मनात होतं.

त्याच दिवशी गोदूबाईचं काम सुटलं. आठवड्याच्या आत आळीतल्या बाकीच्या घरांनीही तिला दार बंद केलं. तिच्या लेकीचं, रतनचं लग्न ठरलेलं होतं. चोरटीची पोर कोण घरात घेणार? पौर्णिमेपर्यंत काय तो उलगडा करा, नाहीतर सुपारी मोडली म्हणून समजा, असा व्याह्यांचा निरोप आला.

आणि मग नथ सापडली. सासूबाईंच्याच पोथीच्या रुमालात.

त्या रुमालाची गाठ सासूबाईंशिवाय कुणी सोडत नसे. गोदूबाईला तर देवघराचा उंबरा शिवायची मुभा नव्हती. पण धोंडीबा दुसऱ्याच दिवशी हजर. "बगितलंत? भ्यानं परत आनून ठिवली! वाटीचा धाकच तसा!" सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून त्याच्या हातात आणखी एक नारळ ठेवला.

बाळाला पाजताना तेलाचा वास आला की मंदाकिनीला गोदूबाईची खरबरीत बोटं आठवत. शेवटी तिनं भावाला बोलावून घेतलं. हरिहर स्टेशनात तारमास्तर होता.

"अण्णा, मी ढकलली नाही रे. खरंच."

"मुद्दाम ढकलली नाहीस, मान्य. पण बाळाला थोपटता थोपटता तुला डुलकी लागते ना? तेव्हा थोपटतं कोण?"

तिनं आपला तळहात उलटसुलट करून पाहिला.

"ठाण्याच्या तारमास्तरानं कळ दाबली की चार ठोक्यांत मी ओळखतो, हा आनंदराव. तो म्हणतो, मी कुठं वेगळं वाजवतो? हात काय करतोय ते हाताच्या मालकाला दर वेळी कळतंच असं नाही, मंदे."

दोन दिवसांनी पुन्हा ओटी भरली. गोदूबाईलाही बोलावलं होतं. ती दारापाशी आपल्या जागी बसली. तिच्यामागे रतन, आणि अंगणात हाताची घडी घालून तिचे होणारे सासरे.

"भगतबुवा," हरिहर म्हणाला, "देव वाटीला ओढतो, वाटी हाताला ओढते. बरोबर?"

"अक्षी बरुबर, मास्तर!"

"म्हणजे वाटी पुढं, हात मागं."

"अवो, ते शेंबडं पोर बी सांगंल!"

हरिहरनं पालथ्या वाटीच्या बुडाला तूप फासलं आणि त्यावर केळीच्या पानाचा गोल तुकडा ठेवला. "मंदे, हात पानावर ठेव. वाटी ओढत असेल तर वाटी पुढं जाईल, पान मागं राहील. हात ढकलत असेल तर पान आधी सरकेल."

"तुपानं देव बाटतोय!" धोंडीबा ओरडला.

"नैवेद्याला चालतं की रोज!" मागून कुणीतरी म्हणालं आणि ओटी हसली.

मंदाकिनी हसली नाही. तिनं हात ठेवला. तिच्याकडे जाऊ नकोस, ती मनातल्या मनात म्हणत होती, गोदूबाईकडे तेवढी जाऊ नकोस. आणि पान गोदूबाईच्याच दिशेनं सुळकन सरकलं, वाटीच्या कडेबाहेर दोन बोटं आलं आणि त्यामागून वाटी हलली.

"थांब! हात उचल." हरिहरनं सगळ्यांना वाकून बघायला लावलं. पान पुढं, वाटी मागं.

"पण आता तर हिला गोदूबाई चोर नको होती," विमलाबाई म्हणाल्या. "मग हात तिकडंच कसा?"

"घागर हिंदकळेल, हिंदकळेल म्हणून जपलं की नेमकी तेव्हाच हिंदकळते ना? जिकडं मन, तिकडं हात. नको म्हणत असलं तरी."

मग त्यानं बहिणीचे डोळे बांधले आणि गोदूबाईला खुणेनं समोरच्या भिंतीशी नेऊन बसवलं. वाटी दाराकडेच गेली. मोकळ्या उंबऱ्यावर आपटली.

"बुवा, ती उठून गेली हे देवाला कुणी सांगितलं नाही वाटतं? बरं, त्या दिवशी वाटी मांडण्याआधी तुम्ही घरात काय विचारलं होतंत?"

धोंडीबा झोळी आवरू लागला. उत्तर मंदाकिनीनं दिलं. "संशय कुणावर, असं विचारलं होतं. मी गोदूबाईचं नाव घेतलं. तिला दारापाशी बसवलंही त्यानंच." डोळ्यांवरची पट्टी काढून ती अंगणातल्या पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली. "रतनची आई चोर नाही. वाटीनं काही दाखवलं नाही. माझ्या मनातलं पाप माझ्या हातानं दाखवलं."

"सूनबाई!" सासूबाई दटावून म्हणाल्या. पण शब्द बाहेर पडले होते. पाहुण्यांनी रतनकडे बघून मान डोलावली.

"मंडळी," हरिहर म्हणाला, "चमत्कार बघायला जरूर या. पण येताना केळीचं पान घेऊन या. एवढ्याशा पानानं आज एका पोरीचं लग्न वाचलं. वाटी मांडली त्याच दिवशी आपल्यापैकी एकानं जरी ते मागितलं असतं, तर या बाईला इतके दिवस तोंड लपवून काढावे लागले नसते."

मंदाकिनीनं गोदूबाईचा हात हातात घेतला. गोदूबाईनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

"वाटीचा मला राग नव्हता, वयनी," ती हळूच म्हणाली. "वाटीच्या अंगाला मी कवा तेल लावलेलं?"

माणसं पांगली. मंदाकिनीची थोरली, सहा वर्षांची शकू इतका वेळ खांबाला धरून सगळं बघत होती. आता आईच्या मांडीशी येऊन बसली.

"आई, वाटी तुझ्या मनातल्या माणसाकडे गेली ना?"

"हो गं राणी."

"पण नथ तर आजीनं ठेवली होती. मग तुझ्या मनात आजी का नाही आली?"