सावली उत्तर देते

बिश्केकच्या ऑफिसात बुरुलचं काम म्हणजे युक्त्यांची वर्गवारी. मीटर, शेगड्या, कुलपं, मेंढ्यांचे पट्टे, सगळी नेटला जोडलेली यंत्रं. ती बनवताना त्याच त्या अडचणी येतात, म्हणून प्रत्येक अडचणीचं एक कार्ड, खाली तिचा उपाय. आज 'सावली'चं कार्ड होतं: यंत्र गप्प झालं तर त्याची शेवटची स्थिती सर्व्हरने जपावी आणि विचारणाऱ्याला तीच सांगावी.

"शेवटची खबर कधीची, ही ओळ परत घाल," शेजारचा तिलेक म्हणाला.

"कशाला? लोक उगाच घाबरतात. आपल्या ॲपमधूनही मीच काढली."

"तुझ्या हाती कात्री दिली तर मेंढीची कातडीही उरायची नाही, बाई!"

ती हसली आणि सवयीने फोन उघडला. नारीनच्या डोंगरात तिचे वडील, तिचे अता, एकटे राहत. तिथली यंत्रं तिनेच बसवलेली. 'अता घरी. खोली उबदार, बावीस अंश.' सकाळीही बावीस. कालही बावीसच. अता तर शेगडीची कळ सारखी फिरवत बसायचे.

तिने गावातल्या मुकाय काकाला फोन लावला.

"काका, अता बरे आहेत ना?"

"बरा आहे गं. झोपलाय."

"उठवा ना जरा."

"झोपू दे. तू ये. भावालाही आण. गाडी हळू चालव, पोरी."

आमच्या किर्गिझांत मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. चुलतबहिणीला अशाच एका मयतासाठी गावी बोलावताना बुरुलही अशीच गोड बोलली होती. तरी तिने पुन्हा विचारलं.

"अता बरे आहेत ना?"

"बरा आहे गं. झोपलाय."

तेच शब्द, तोच सूर. तिने फोन ठेवला आणि भावाला गाठलं.

घाटात बर्फ होता, विजेचे खांब आडवे झालेले. भाऊ गाडी चालवत होता आणि ती दर वळणावर फोन बघत होती. अता घरी. खोली उबदार. हे खोटं तिनेच नीटनेटकं केलं होतं, आणि आता तिला तेच हवंहवंसं वाटत होतं.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा पांढरा तंबू उभा होता. मयत त्यातच ठेवतात, आत विस्तव पेटवत नाहीत. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून रडत होते. ती बायकांमधून आत गेली आणि अतांच्या कपाळावर हात ठेवला. बर्फासारखं गार.

दुसऱ्या मुठीत फोन उजळलेलाच होता. अता घरी. खोली उबदार.