बिनशिट्टीचा कुकर

कांदेनवमीच्या दिवशी सकाळपासून गंगूताईंचा पाय घरात ठरत नव्हता. ओसरीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून दारात, दारातून पुन्हा ओसरीवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद अशी की वाकायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही, गॅससमोर तर उभंच राहायचं नाही. नुसतं बसून राहा म्हटलं की भल्याभल्यांना बसवत नाही, त्यातून गंगूताईंचा पिंड बसणाऱ्याचा नव्हताच.

कारणही तसंच होतं. धाकटा भाऊ शेषराव आज यायचा होता. तीन वर्षांनी.

एकादशीला चातुर्मास लागला की त्यांच्या घरात चार महिने कांदा उंबरा ओलांडत नसे. म्हणून नवमीला टोपलीतला होता नव्हता तेवढा कांदा संपवायचा. भजी व्हायची, थालीपिठं व्हायची, पण गंगूताईंचं नाव होतं ते आटवलेल्या कांद्यासाठी. उभा चिरलेला कांदा मंद आचेवर अर्धी सकाळ परतत राहायचा, गुळाच्या रंगावर येईपर्यंत. गूळ मात्र कणभर घालायचा नाही, गोडी कांद्याचीच. शेषराव दर नवमीला कळमनुरीहून एसटीने हिंगोलीला यायचा तो एवढ्यासाठी.

तीन वर्षांपूर्वी त्याने पहिला घास घेतला आणि भरल्या पंगतीत म्हणाला, "ताई, कांदा करपलाय."

पहाटेपासून गॅससमोर उभ्या असलेल्या गंगूताईंच्या तोंडून निघून गेलं, "आयतं मिळून राहिलंय, तर नावं ठेवू नयेत."

शेषराव भरल्या पानावरून उठला. हात धुतले आणि म्हणाला, "या घरचा कांदा पुन्हा तोंडात घालणार नाही." त्यानंतर लग्नाकार्यात दिसला तरी लांबूनच नमस्कार.

नातेवाइकांनी तर्क लढवले. कुणी म्हणालं, शेताच्या बांधावरून बिनसलं. कुणी म्हणालं, भाऊबीजेच्या ओवाळणीवरून. कांदा पडला पेवात आणि पिसा हिंडे गावात! गंगूताईंना मात्र पक्कं ठाऊक होतं की भांडण ना बांधाचं ना कांद्याचं, ते त्या एका शब्दाचं होतं. वडील गेल्यावर शेषराव याच घरात, बहिणीच्या सासरी राहून शिकला होता. सासूच्या नजरेखाली मान घालून जेवायचा. दुसरी भाकरी कधी मागितली नाही त्या लेकराने. अशा माणसाला 'आयतं' म्हणायचं म्हणजे जुन्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवून दाबल्यासारखं होतं. हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण मोठ्या बहिणीने माफी मागायची कशी, हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि आता शेषराव बिऱ्हाड हलवून मुलाकडे बडोद्याला चालला होता, कायमचा. फोनवर म्हणाला, "नवमीला येऊन जातो. जेवायलाच असं काही नाही."

जेवायलाच असं काही नाही! चार दिवस तेवढंच वाक्य गंगूताईंच्या डोक्यात घोळत होतं. आज त्याने या घरचा कांदा खाल्ला तर खाल्ला. नाहीतर उद्यापरवापासून घरात कांदा नाही, आणि कांदा परत येईल तेव्हा शेषराव नाही.

"आई, तुम्ही बसा बरं एका जागी," केतकी म्हणाली. ही त्यांची सून, ऑपरेशनसाठी पुण्याहून आलेली. "कांदा मी कुकरमध्ये करते. एकदा बटण दाबलं की बघायला नको."

तो कुकर म्हणजे विजेचा. अपूर्व, गंगूताईंचा मुलगा, कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेला होता, तिथून त्याने आणला. दिसायला हवाबंद डब्यासारखा गोल, पुढे बटणं आणि दिवे. केतकीने त्यात फक्त भात करून पाहिला होता. तिने चिरलेला कांदा, तेल आणि मीठ आत घातलं आणि झाकण लावायला घेतलं, तेवढ्यात गंगूताई ओरडल्या, "अगं पाणी?"

"कांद्याला सुटतं की पाणी, आई."

"बिनपाण्याचा कुकर लावतेस? उडेल तो! शेजारच्या रूपाबाईंच्या छताला अजून वरणाचा डाग आहे. घाल दोन वाट्या."

केतकीने घातलं. सासूबाईंचा डोळा नाजूक, मन त्याहून नाजूक, कशाला वाद घालायचा, असा तिचा हिशोब. बटण दाबून ती म्हणाली, "मी डोळ्यात घालायचे थेंब घेऊन येते, संपलेत. हे आपोआप होतं." आणि ती औषधाच्या दुकानात गेली.

गंगूताई कुकरसमोर स्टूल घेऊन बसल्या. त्यांची सगळी भिस्त होती लाइटवर, आणि लाइट अकराला जायची म्हणजे जायची. त्या काळात हिंगोलीत घड्याळ चुकेल पण लोडशेडिंग चुकत नसे. तीन शिट्ट्या झाल्या की काम झालं, असं मनाशी धरून त्या कान टवकारून बसल्या. पहिली शिट्टी येईना. जरा वेळाने कुठेतरी टूं टूं वाजलं. केतकीचा मोबाइल राहिलेला दिसतो, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कुकर गप्प. त्यांनी त्याला कान लावायला पाहिलं, मग वाकायचं नाही हे आठवून सरळ झाल्या. सिंगापूरचं मुकं यंत्र! आपल्या कुकरला निदान तोंड तरी असतं. उठल्या, दारात जाऊन एसटी स्टँडच्या वाटेकडे पाहिलं, काळ्या चष्म्यातून सगळा रस्ताच काळा दिसला, पुन्हा येऊन बसल्या.

दुकानात गर्दी होती, केतकीला उशीर झाला. ती आली आणि झाकणाकडे हात नेणार, तोच गंगूताईंनी तिचा हात धरला.

"थांब! अजून एकही शिट्टी झालेली नाही."

"आई, याला शिट्टीच नसते हो! मघाशीच झालं असेल ते."

केतकीने वरची कळ सरकवली. फुस्सकन वाफेचा फवारा छताकडे गेला. "ही बघ, आत्ता झाली पहिली!" गंगूताई म्हणाल्या. केतकीला हसू आवरेना, पण झाकण उघडल्यावर ते आपोआप आवरलं. आत कांद्याची पेज झाली होती. पांढरट, पातळ, आजाऱ्याला द्यावी अशी.

"हरकत नाही, झाकण न लावता यातच आटवता येतं," असं म्हणून तिने बटण दाबलं, आणि पंखा थांबला. अकरा वाजले होते.

दारातून आवाज आला, "ताई, आहेस का गं?"

शेषराव आत आला. केस पार पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा. तो ओसरीवरच टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली, म्हणजे मुक्काम थोडा. गंगूताईंना त्याचा चेहरा धूसर दिसला, टोपी मात्र नीट दिसली.

"डोळा कसा आहे?"

"आहे. तू जेवायला थांब."

"नको, दोनची गाडी आहे. सामान बांधायचंय."

गंगूताई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, कढई काढली, कुकरमधली पेज तिच्यात ओतली आणि काडेपेटी चाचपायला लागल्या. "आई, काय करून राहिलात!" म्हणत केतकी धावली. तिच्यामागून शेषराव आला.

"सर बाजूला," तो म्हणाला. "डोळा घालवायचाय का?"

"मग तू थांबशील?"

त्याने बहिणीच्या हातातून काडेपेटी घेतली, गॅस पेटवला आणि उलथनं उचललं. "हे काय, कांदा की खीर? पाणी कुणी घातलं?"

"मी," गंगूताई म्हणाल्या. केतकीने चकित होऊन सासूकडे पाहिलं. चूक इतक्या लवकर कबूल करायची या घरात रीत नव्हती.

शेषराव परतत राहिला. घामाने सदरा पाठीला चिकटला. गंगूताई दाराशी स्टुलावर बसल्या. बडोद्याची गोष्ट निघाली, मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे आमटीतही साखर. मग शाळेची निघाली. मग गंगूताईंच्या सासूची निघाली.

"शेषा," गंगूताई म्हणाल्या, "तुला या घरात कुणी पोटभर जेव म्हटलं नाही. मला म्हणता आलं असतं. मी नवी सून, मला भीती वाटायची."

"मला माहीत होतं ते, ताई," शेषराव म्हणाला. उलथनं त्याच्या हातात तसंच राहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

पाणी आटेपर्यंत कांदा सोशीक असतो, आणि आटल्यावर क्षणभरही थांबत नाही. गंगूताईंना वास आला. डोळे नसले तरी नाक शाबूत होतं. पण आज त्यांनी जीभ दातांखाली दाबली. शेषराव भानावर आला तोवर कांदा गुळाचा रंग ओलांडून पुढे गेला होता.

"घ्या पानं," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

केतकीने दोन ताटं घेतली. भाकरी, लोणी आणि तो काळपट कांदा. शेषराव ताटावर बसला खरा, पण हात गुडघ्यावर. तो बहिणीकडे बघत राहिला. गंगूताईंनी घास घेतला. कडूजहर.

"कसा झालाय?"

गंगूताईंनी घास नीट चावला, गिळला.

"आज मला आयतं मिळालंय, शेषा," त्या म्हणाल्या. "मी काय नावं ठेवू?"

शेषरावाने गुडघ्यावरचा हात उचलला. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याला लावला आणि तोंडात घातला. चावता चावता त्याचे डोळे भरून आले.

"करपलाय ताई," तो म्हणाला.

"हो रे. पार करपलाय."

त्याने ताट पुसून खाल्लं. मग मान वर करून, जे या घरात त्याने कधीच मागितलं नव्हतं, ते मागितलं.

"केतकी, अजून एक भाकरी वाढ."