उजवीकडची घडी

अक्का टेबलावर कुशीवर पडली होती आणि तोंड मात्र अखंड चालू. "ते पाणी पुन्हा पाजलंस ना मला, बघून घेईन हं बाळ्या! त्यापेक्षा कपडे धुतलेलं पाणी बरं." सिस्टर खुदकन हसली. पोटाच्या एवढ्या नावाजलेल्या डॉक्टरला बाळ्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्याची थोरली बहीण. धाकटी बहीणसुद्धा त्याला दादा म्हणायची.

बाळ्या काही हसला नाही. दुर्बीण आतड्यातून हळूहळू पुढे सरकत होती, त्याचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

कारण अक्का पांढरीफटक पडली होती. जिना चढताना मध्येच बसकण मारायची. तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई वर्षापूर्वीच म्हणाल्या होत्या, रक्त कमी होतंय, एकदा आतडं तपासून घ्या. तर ही बया त्यांनाच सुनावून आली, "माझ्या भावाने स्वतः पाहिलंय. लख्ख आहे म्हणालाय. तुम्ही आपल्या गोळ्या द्या." आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या गिळत बसली.

लख्ख! कसलं लख्ख न् कसलं काय! तीन वर्षांपूर्वी, काही त्रास नसताना, पन्नाशी उलटली म्हणून त्यानेच तिला तपासणीला बोलावलं होतं. पोट साफ करायचं ते पाणी ती अर्धं प्याली, अर्धं ओकली. डावीकडे सगळं नीट दिसलं. उजवीकडे, मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथे, नुसता पिवळा राडा. दुसरं कोणी असतं तर त्याने तोंडावर सांगितलं असतं, काही दिसत नाही, पुन्हा पाणी प्या आणि पुन्हा या. असं सांगून त्याने लोकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. पण अक्का ओकून ओकून अर्धमेली झालेली. त्याचा जीव तुटला. थोडं पाणी मारलं, दिसलं तेवढं पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही गं, लख्ख आहे." जळली मेली ती माया!

आज आतडं खरोखरच स्वच्छ होतं. तो एकेक घडी बाजूला सारून मागे बघत होता. काही नाही. पुढच्या घडीमागेही काही नाही. देवा, नसू दे, असं तो मनात म्हणाला. आणि उजवीकडच्या शेवटच्या घडीमागे गाठ बसलेली होती, ओबडधोबड, लालभडक. दुर्बिणीचा नुसता धक्का लागला तरी रक्त आलं. सिस्टरचं हसू मावळलं.

अक्काने झोपेचं इंजेक्शन नको म्हणून हट्ट धरलेला, त्यामुळे तीही पडदा बघत होती. "हे काय रे?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सिस्टरला म्हणाली, "नवीनच दिसतंय. मागच्या वेळी असतं तर ह्याने सोडलं असतं होय?"

"हो, नवीनच आहे" एवढं म्हटलं की भागत होतं. कुणी विचारायला येणार नव्हतं.

"अक्का, मागच्या वेळी तिथे मला दिसतच नव्हतं. घाण होती."

"मग लख्ख का म्हणालास?"

"तुला पुन्हा त्रास नको म्हणून."

अक्काने डोळे मिटले. आता ही रडणार, नाहीतर शिव्या देणार, असं त्याला वाटलं. दोन्ही तो मुकाट्याने सोसणार होता. पण तिने डोळे उघडले तेव्हा त्यांत भलतीच भीती होती.

"बाळ्या, आपल्या धाकटीला दोन महिने रक्त पडतंय रे. तुझ्याकडे यायला निघाली होती. मीच म्हटलं, मूळव्याध असेल, उगाच कशाला घाबरतेस, आपल्या घरात तसलं काही नाही, बाळ्याने माझं सगळं पाहिलंय."

बाळ्याने पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"माझं राहू दे," अक्का म्हणाली. "तिला आधी फोन लाव."